ऐकीव गोष्टीवर कधीच न विसंबलेल्या पंडिता रमाबाई

पाचगणी : पाचगणीतून पसरणी घाट उतरला की वाई लागते. वर ख्रिस्ती शाळा आणि चर्च, खाली कृष्णेचे घाट, देवळं आणि शास्त्री-पंडितांची जुनी परंपरा. गाडीनं हे अंतर अर्ध्या तासाचं. पण हे दोन्ही जग एकाच जन्मात आतून-बाहेरून बघितलेली माणसं महाराष्ट्रात फार थोडी झाली. त्यातलं सगळ्यात मोठं नाव पंडिता रमाबाईंचं. ५ एप्रिल १९२२ रोजी पुणे जिल्ह्यातल्या केडगाव इथं त्या वारल्या.

विधवांसाठी काम करणारी बाई म्हणून रमाबाई शाळेच्या पुस्तकात भेटतात. अठरा हजार श्लोकांचं भागवत मुखोद्गत असलेली पंडिता म्हणूनही लोकांना माहीत असतात. आयुष्याची शेवटची सतरा-अठरा वर्षं त्यांनी ज्या कामाला दिली, ते मात्र फारसं कुणी सांगत नाही. हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषा शिकून त्यांनी अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं. बायबलचं मराठी भाषांतर आधीच झालेलं होतं, चर्चमध्ये वाचलंही जात होतं. मग ही एवढी यातायात कशासाठी? याचं उत्तर त्यांच्या लहानपणापासूनच्या आयुष्यात सापडतं.

आणि ते आजही कामाचं आहे. सकाळी मोबाइल उघडला की कुणाचा तरी व्हिडिओ येऊन पडलेला असतो. अमुक प्रार्थना अकरा जणांना पाठवा म्हणजे आजार जाईल, तमुक बाबांना, तमुक पास्टरना देवानं स्वप्नात येऊन सांगितलंय, जगाचा शेवट या तारखेला आहे, दानाचा आकडा एवढा, खाते नंबर हा. खेड्यातली साधी भाविक ख्रिस्ती कुटुंबं यात सापडतात, आणि इतर धर्मांची सापडत नाहीत असंही नाही. मोबाइल नव्हता तेव्हाही हे सगळं होतंच. रमाबाईंना ते कसं भेटलं आणि त्यांनी त्याचं काय केलं, ते बघण्यासारखं आहे.

बायकोला संस्कृत शिकवणारा बाप

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. चित्पावन ब्राह्मण, मोठे विद्वान. तरुणपणी ते पुण्यात शिकायला होते. त्यांचे गुरुजी रामचंद्रशास्त्री साठे दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवायला वाड्यावर जायचे. बाईमाणूस संस्कृत म्हणतंय हे या विद्यार्थ्यानं बघितलं आणि मनात घेतलं की आपणही आपल्या बायकोला शिकवायचं. पहिल्या लग्नात घरच्यांनी ते जमू दिलं नाही. दुसरी पत्नी लक्ष्मीबाई. तिला मात्र त्यांनी शिकवलं.

गावात गलका झाला. धर्म बुडवला म्हणून त्यांना उडुपीला विद्वानांच्या सभेपुढं उभं राहावं लागलं. अनंतशास्त्र्यांनी तिथं वाद घातला नाही, रागावलेही नाहीत. त्यांनी ग्रंथ काढले. बाईनं पुराण, काव्य, व्याकरण शिकू नये असं कुठल्या ग्रंथात कुठं लिहिलंय ते दाखवा, असा त्यांचा मुद्दा होता, आणि शिकता येतं याचे आधार ते स्वतः घेऊन गेले होते. वेद बायकांना शिकवू नयेत ही मर्यादा तेही पाळायचे, हे इथं सांगायला हवं. पण वाद मिटवायचा तर ग्रंथ उघडून, ही सवय या घरात रमाबाईंच्या जन्माआधीच आलेली होती.

पुढं सह्याद्रीतल्या गंगामूळच्या जंगलात शास्त्रीबुवांनी घर बांधलं. हा भाग आज कर्नाटकात येतो. २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म तिथलाच. आल्यागेल्या यात्रेकरूंना जेवू घालता घालता, विद्यार्थी पोसता पोसता सगळं धन संपलं आणि रमा तान्ही असतानाच हे कुटुंब तीर्थयात्रेला बाहेर पडलं. देवळात बसायचं, पुराण सांगायचं, लोक देतील त्यावर गुजराण करायची. आठव्या वर्षापासून आईनं रमाला शिकवलं. चालता चालता, पहाटे उठवून, पाठांतर करून घेत.

तरंगणारे डोंगर

या भटकंतीतला एक प्रसंग रमाबाईंनी आपल्या आत्मकथनात नोंदवून ठेवला आहे. एका तीर्थाच्या ठिकाणी तळं होतं आणि त्यात सात डोंगर तरंगतात अशी ख्याती होती. पुण्यवान माणूस काठावर उभा राहिला की डोंगर त्याच्याकडं सरकत येतात, पाप्याकडं येत नाहीत. पुजारी सांगायचे, पाण्यात उतरू नका, मगरी आहेत. हे कुटुंब आलं. प्रार्थना केली, दक्षिणा दिली. डोंगर काही हलेनात.

रमाबाईंचा थोरला भाऊ श्रीनिवास. त्याला चैन पडेना. भल्या पहाटे, पुजारी यायच्या आधी, त्यानं मगरीची भीती बाजूला ठेवून तळ्यात उडी घेतली आणि पोहत जाऊन बघितलं. डोंगर कसले, ते तराफे होते. वर चिखल-दगडांचा थर आणि त्यात लावलेली झाडं. मागच्या बाजूला होडी. दक्षिणा समाधानकारक पडली की होडीतला माणूस तराफा ढकलायचा आणि भाविकाच्या डोळ्यांत पाणी यायचं.

ही गोष्ट एका धर्मातली म्हणून सोडून देण्यासारखी नाही. स्टेजवर लंगडा चालायला लागतो आणि खाली हजारो लोक टाळ्या वाजवतात, तिथंही मागं होडी आहे का हे बघावंच लागतं. पण पोहत जाऊन बघणारा हजारात एक. श्रीनिवासनं बघितलं आणि धाकट्या बहिणीनं ते जन्मभर लक्षात ठेवलं.

१८७४ च्या सुमारास दुष्काळात या कुटुंबाची अन्नान्न दशा झाली. आई-वडील दोघंही थोड्याच काळाच्या अंतरानं गेले. पुढं मोठी बहीण गेली. उरले बहीण-भाऊ. अनवाणी, उपाशी, उत्तरेत पार काश्मीरपर्यंत पायपीट करत १८७८ मध्ये ते कलकत्त्याला पोचले.

संस्कृतमधलं बायबल हातात आलं, पण कळलं नाही

वीस वर्षांची पोरगी तोंडपाठ संस्कृत बोलते हे बघून कलकत्त्याचे विद्वान चाट पडले. त्यांनी तिला पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या. तिथंच एकदा दोघा भावंडांना ख्रिस्ती लोकांच्या एका मेळाव्याचं बोलावणं आलं. खुर्च्यांपुढं गुडघे टेकून, डोळे मिटून लोक काहीतरी पुटपुटत होते. हे लोक खुर्च्यांचीच पूजा करतात, असं या दोघांना वाटलं. त्या मेळाव्यात त्यांना संस्कृतमधलं बायबल भेट मिळालं.

आता गंमत बघा. संस्कृतवर एवढं प्रभुत्व असलेल्या बाईला त्या संस्कृत पुस्तकाचं काही म्हणता काही उमगेना. शब्द ओळखीचे, पण बोलण्याची तऱ्हा अगदीच वेगळी. पुस्तक बाजूला पडलं. धर्मग्रंथ हातात असणं आणि तो कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा अनुभव असा आला. पुढं पंचवीस-तीस वर्षांनी केडगावात बसून त्यांनी जे काम केलं, त्याची मुळं इथं शोधायला हरकत नाही.

कलकत्त्यात ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेदाची प्रत दिली आणि वाचायला सांगितलं. बाईनं वेद वाचायचे नाहीत, हा वडिलांनीही पाळलेला नियम. रमाबाई आधी बिचकल्या, मग वाचलंच. बायका आणि शूद्र यांच्याबद्दल धर्मशास्त्रात काय काय लिहिलंय तेही त्यांनी या काळात स्वतः तपासलं. लोक जे सांगत होते ते आणि ग्रंथात जे होतं ते त्यांनी शेजारी शेजारी ठेवलं. काही ठिकाणी लोक चुकीचं सांगत होते. काही ठिकाणी ग्रंथातच असं होतं की त्यांचं मन तिथून उठलं.

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा. आसाममधल्या सिल्चरला संसार थाटला. नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना लूकचं शुभवर्तमान बंगालीत सापडलं. हे मात्र त्यांना कळलं आणि आवडलंही. एक बाप्टिस्ट मिशनरी घरी येऊन उत्पत्तीच्या पुस्तकातल्या गोष्टी समजावू लागला. नवऱ्याला ते पसंत नव्हतं. एप्रिल १८८१ मध्ये मुलगी मनोरमा झाली आणि दुसऱ्याच वर्षी फेब्रुवारीत पटकीनं नवरा गेला. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर दहा महिन्यांचं पोर.

पुणे, मग इंग्लंड

१८८२ ला त्या पुण्यात आल्या. आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिलं, हंटर कमिशनपुढं बायकांच्या शिक्षणासाठी साक्ष दिली. पुण्यात त्यांची गाठ फादर नेहेम्या गोऱ्हे यांच्याशी पडली. हे पूर्वाश्रमीचे नीळकंठशास्त्री गोरे. काशीचे पंडित, ख्रिस्ती मताचं खंडन करायला म्हणून बायबल वाचायला घेतलं आणि वाचता वाचता स्वतःच ख्रिस्ती झालेले. ते रमाबाईंशी शास्त्र्यासारखे बोलायचे, मुद्द्याला मुद्दा लावून. पुढं इंग्लंडमध्ये असताना त्यांच्याच लिखाणानं रमाबाईंच्या शंका फिटल्या. गोऱ्या माणसांच्या प्रवचनांनी जे झालं नाही ते या म्हाताऱ्या मराठी पंडितानं केलं.

१८८३ मध्ये डॉक्टरकी शिकायच्या इराद्यानं त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज गावातल्या सिस्टर लोकांच्या मठात मुक्काम होता. डॉक्टरकी जमली नाही, कारण कानांनी दगा दिला होता. ऐकू कमी येऊ लागलं होतं.

एक दिवस सिस्टरनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातलं एक घर दाखवलं. वाईट मार्गाला लागलेल्या बायकांना तिथं सांभाळलं जायचं, प्रेमानं. रमाबाईंना नवल वाटलं. अशा बायकांना कुणी जवळ करतं हे त्यांनी बघितलं नव्हतं. हे का करता, असं त्यांनी विचारलं. सिस्टरनी उपदेश केला नाही. योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय उघडून विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. जिला गावानं टाकलं तिच्याकडं येशू पाणी मागतो, ती गोष्ट. रमाबाईंनी पुढं लिहून ठेवलंय की खरं वळण तिथं बसलं. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रात संतापाची लाट उठली. बाजू घेणारे थोडे. त्यात महात्मा फुले होते. मूळ आपल्या खटाव तालुक्यातल्या कटगुणचं घराणं. १८८५ मध्ये ‘सत्सार’ काढून त्यांनी रमाबाईंची पाठराखण केली.

मठातलं भांडण

बाप्तिस्मा घेतला म्हणजे बाई आता सांगितलेलं ऐकेल, अशी वाँटेजच्या सिस्टरांची समजूत होती. तशी ती चुकीची ठरली. रमाबाईंच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो आज छापील स्वरूपात आहे. तो वाचला की दोघींची दया येते. सिस्टर मनापासून जीव लावणारी, पण चर्चचा अधिकार मानलाच पाहिजे यावर ठाम. रमाबाई कृतज्ञ, पण विचारायच्या, हे बायबलात कुठं आहे?

त्रैक्य म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एक देव, हे मत चर्चच्या जुन्या मतांगीकारात ज्या शब्दांत मांडलंय ते त्यांना पटत नव्हतं. ख्रिस्ताच्या देवपणाबद्दल शंका होत्या. बिशपांनी अमुक शिकवू नको म्हणून सांगितलं तर कुठल्या अधिकारानं, असं त्या विचारायच्या. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं असावीत असं निघालं, तेव्हाही त्या अडून बसल्या. लॅटिन आपल्याला येत नाही, आपल्या लोकांना येत नाही, मग ती भाषा जास्त पवित्र कशी? अक्षरं हवीतच तर आपल्या देशाची असू देत.

इथं एक गोष्ट सरळ म्हणायला पाहिजे. या काळात रमाबाई काही प्रश्नांत ख्रिस्ती श्रद्धेच्या गाभ्यापासून बऱ्याच लांब गेल्या होत्या. स्वतः वाचलं की माणूस लगेच बरोबर ठिकाणी पोचतो, असं त्यांच्या आयुष्यावरून सिद्ध होत नाही. त्यांना वेळ लागला. त्यांनी धाक मानला नाही, तसं वाचणंही थांबवलं नाही. त्रैक्याचं मत त्यांनी पुढं स्वीकारलं, ते वाचूनच. दडपून गप्प केलं असतं तर कदाचित त्यांनी पुस्तकच मिटून ठेवलं असतं.

१८८६ ला त्या अमेरिकेला गेल्या, आनंदीबाई जोशींच्या डॉक्टरकीच्या पदवीदान समारंभाला. तिथं राहून उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या हालांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, पैसा उभा केला आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदासदन उघडलं. दुसऱ्या वर्षी ते पुण्याला हललं. तिथं १८९३ मध्ये वादळ झालं. सदनात धर्म शिकवायचा नाही असं ठरलेलं होतं. पण रमाबाई आपल्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करायच्या आणि मुली येऊन बसायच्या. सल्लागार मंडळातले न्यायमूर्ती रानडे, भांडारकर यांनी अंग काढून घेतलं. केसरीनं कडक टीका केली. बऱ्याच पालकांनी मुली नेल्या. पालकांचा रागही समजण्यासारखाच होता. पोरगी शिकायला घातली, धर्म बदलायला नव्हे, हे त्यांचं म्हणणं.

त्याच्या आधी, १८९१ च्या आसपास, रमाबाईंच्या मनात वेगळीच उलथापालथ झाली होती. आठ वर्षं ख्रिस्ती म्हणवून घेऊनही आपल्याला ख्रिस्ताचा धर्म सापडला, ख्रिस्त सापडला नाही, असं त्यांना वाटू लागलं. एका इंग्रज पाद्र्याची कहाणी त्यांच्या वाचनात आली. तो कित्येक वर्षं व्यासपीठावरून उपदेश करत होता आणि स्वतःला मात्र काही उमगलेलं नव्हतं. त्यानंतर त्या बायबलकडं नव्यानं वळल्या. आता वाद जिंकायला नाही, तहान म्हणून.

केडगावचा माळ

पुणे-सोलापूर रेल्वेच्या कडेला केडगावला त्यांनी शंभरेक एकर जमीन घेतली होती. फळझाडं लावायची आणि संस्था त्यावर चालवायची, असा बेत. कोरडवाहू माळ, पाऊस बेभरवशाचा. विहिरी खणल्या, बाग उभी केली. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्यांना आपले आई-बाप आठवले असणार. मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो मुली-बायका गोळा करून आणल्या. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर मुक्तिसदनातली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विणकाम, शेती, भाकऱ्या, शाळा, तेलाचा घाणा, छापखाना, सगळं बायकांच्या हातात.

१९०५ च्या जूनमध्ये मुक्तिसदनात एक वेगळंच पर्व सुरू झालं. त्याआधी वेल्समधून आणि आसामच्या खासी टेकड्यांतून आत्म्याच्या जागृतीच्या बातम्या येत होत्या. केडगावातही शेकडो मुली रोज एकत्र प्रार्थनेला बसत होत्या. एका रात्री त्या रडू लागल्या, पापं कबूल करू लागल्या, काहींना अंगात आग पेटल्यासारखं झालं. पुढच्या वर्षी काही मुली अनोळखी भाषांत बोलू लागल्या. बघायला लांबून लांबून लोक येऊ लागले. काहींना हा चमत्कार वाटला, काहींना वेडेपणा.

एखाद्या पुढाऱ्याला अशा वेळी मोह होतो. गर्दी जमलीय, नाव होतंय, चार पैसेही येतील. सगळ्यांनी असंच बोललं पाहिजे, ज्याला येत नाही त्याच्यात देव नाही, असं म्हणायला किती वेळ लागतो? रमाबाई तसं म्हणाल्या नाहीत. मुलींना दटावून गप्पही बसवलं नाही. त्यांनी १९०७ मध्ये आपली भूमिका लिहून मांडली. आजार बरे करणं, अन्य भाषा, भविष्य सांगणं ही दानं टाकून देण्यासारखी नाहीत, पण आत्मा उतरल्याची सगळ्यात गरजेची खूण प्रेम ही आहे, असा तिचा आशय. करिंथकरांस पौलानं लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय ज्यांनी वाचला असेल त्यांना हे कुठून आलं ते लगेच कळेल. माप बाहेरून आणलं नाही, पुस्तकातून घेतलं.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात बिरुया गावच्या लोकांची गोष्ट आहे. पौलासारखा मोठा प्रेषित येऊन बोलला तरी ते रोज शास्त्र उघडून, हा सांगतो ते तसंच आहे का, असं तपासायचे. पौलाला याचा राग आला नाही. उलट पुस्तकात त्यांचं कौतुक केलेलं आहे. ज्याला तपासलेलं खपत नाही त्या उपदेशकाबद्दल काय समजायचं ते यावरून समजावं.

भाषांतराला हात घातला

पण तपासायचं तर वाचता आलं पाहिजे, आणि वाचलेलं कळलं पाहिजे. केडगावच्या मुली कोण होत्या? दुष्काळातून आलेल्या. कुणी गुजराती, कुणी हिंदी, कुणी कानडी मुलखातल्या. मराठी इथं येऊन शिकलेल्या. त्यांच्यापुढं चालू मराठी बायबल ठेवलं की ठेच लागायची. आधीची भाषांतरं मिशनऱ्यांनी पंडितांना हाताशी धरून केलेली. संस्कृत शब्दांची रेलचेल. रमाबाईंना स्वतःला ते अवघड नव्हतं. पण कलकत्त्यात हातात पडलेलं आणि न कळलेलं ते संस्कृत पुस्तक आठवतंय ना?

दुसरी खंत शब्दांच्या अर्थाची होती. संस्कृत धर्मग्रंथांत ज्या शब्दांना विशिष्ट अर्थ चिकटलेत ते जसेच्या तसे बायबलात घातले की वाचणारा नकळत जुनाच अर्थ लावतो. हे ओळखायला दोन्हीकडचे ग्रंथ आतून माहीत असलेला माणूस लागतो, आणि तसा माणूस म्हणजे त्या स्वतःच होत्या. तिसरं कारण त्या काळच्या हवेतलं. युरोपातले काही पंडित बायबलातल्या कितीतरी गोष्टी नंतरच्या आणि बनावट आहेत असं म्हणू लागले होते आणि ते वारं इथल्या मिशनऱ्यांपर्यंत आलं होतं. रमाबाईंना ते अजिबात मान्य नव्हतं. या बाबतीत त्या जुन्या वळणाच्या होत्या, आणि आजच्या काही अभ्यासकांना तो त्यांचा हट्ट वाटतो.

तेव्हा ठरलं, मूळ भाषेतूनच करायचं. पन्नाशीला टेकलेली, कानांनी अधू, दीड-दोन हजार माणसांचा संसार हाकणारी बाई हिब्रू आणि ग्रीक शिकायला बसली. कोश, व्याकरणं मागवली. लहानपणी आईनं घोकून घेतलेलं संस्कृत व्याकरण इथं कामी आलं असणार. भाषा कशी शिकायची हे त्यांना वेगळं शिकवावं लागलं नाही. मूळ शब्दाला धरून राहायचं, आणि तरी मराठी अशी ठेवायची की कमी शिकलेल्या बाईला कळावी. या दोन गोष्टी एकमेकींना ओढतात. त्यामुळं त्यांचं भाषांतर काही ठिकाणी गोड आणि काही ठिकाणी खडबडीत आहे. मूळ वाक्याची रचना ठेवायच्या नादात मराठी वाक्य अडखळतं. हे दोष दाखवणारे तेव्हाही होते.

छपाई बाहेर दिली नाही. मुक्तिसदनाच्या छापखान्यात बायकाच खिळे जुळवायच्या, बायकाच यंत्र चालवायच्या, पानं दुमडून शिवायच्या. जी मुलगी दुष्काळात रस्त्याच्या कडेला मरायला टेकली होती तिच्या हातून उत्पत्तीचा, स्तोत्रांचा, यशयाचा एकेक शब्द खिळ्याखिळ्यानं जुळला जात होता. एवढ्या जवळून धर्मग्रंथ वाचायचं भाग्य मोठमोठ्या मठाधिपतींना मिळत नाही.

नवा करार आधी छापून झाला. जुना करार मोठा, तो रेंगाळला. १९१९ मध्ये सरकारनं कैसर-ए-हिंद पदक दिलं. रमाबाई तोवर थकल्या होत्या. आपल्यामागं मनोरमा संस्था सांभाळेल हा भरवसा होता. आईच्या बरोबरीनं राबलेली, परदेशात शिकून आलेली ही मुलगी हृदयाच्या दुखण्यानं खंगली. तिला मिरजेच्या मिशन हॉस्पिटलला आणलं. त्या काळी डॉ. वॉनलेस यांच्यामुळं मिरजेचं नाव लांबवर होतं. पण उपयोग झाला नाही. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा मिरजेत वारली. वय चाळीस.

नवरा, भाऊ, बहीण, आई-बाप, आणि आता एकुलती एक मुलगी. रमाबाईंच्या टेबलावर जुन्या कराराची मुद्रितं पडलेली होती. त्यांनी ती तपासायला पुन्हा हातात घेतली. केडगावात असं सांगतात की शेवटी शेवटी त्यांनी देवाकडं थोडेच दिवस मागितले, उरलेली मुद्रितं पुरी करण्यापुरते. ती पुरी झाली आणि ५ एप्रिल १९२२ च्या पहाटे त्या झोपेतच गेल्या.

पूर्ण बायबल १९२४ मध्ये केडगावच्याच छापखान्यातून बाहेर आलं. मराठी चर्चमधून मात्र बायबल सोसायटीचं भाषांतरच चालू राहिलं आणि आजही तेच वाचलं जातं. रमाबाईंच्या भाषांतराच्या प्रती आता दुर्मिळ झाल्या आहेत. मुक्ती मिशन केडगावला अजून चालू आहे. दौंडकडं जाणारी गाडी तिथं थांबते.